वाचकांचे प्रश्न : पाणी आपल्या भोवतालचे काही लक्षात ठेवते का?

मागील अंकात 'जलस्मृती' या विषयावर एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले होते. पाण्यात विरघळलेला पदार्थ पूर्णपणे नाहीसा झाला तरी त्याचा ठसा पाण्यात उरतो, इतकेच नव्हे तर माणसाचे शब्द आणि भावनाही पाणी टिपून घेते, असे त्या पत्रात म्हटले होते. त्यावर बाजूने आणि विरुद्ध बरीच पत्रे आली. काही पत्रांचा सूर थट्टेचा आहे, तो मला उचित वाटत नाही. कारण हा प्रश्न प्रयोगाने तपासता येण्याजोगा आहे आणि नामवंत प्रयोगशाळांनी तो मनापासून तपासलेला आहे. निवडक प्रश्न पुढे घेतले आहेत.

प्रश्न (माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा) : आमच्या विज्ञान प्रदर्शनात सातवीच्या मुलींनी शिजवलेल्या भाताच्या दोन बरण्या ठेवल्या होत्या. एकीवर 'धन्यवाद' आणि दुसरीवर 'मूर्ख' अशी चिठ्ठी होती आणि मुली रोज त्या त्या बरणीशी तसेच बोलत असत. दुसऱ्या बरणीतील भात आधी काळा पडला आणि पालकांना ते फार पटले. भातातील पाण्याने शब्द ऐकले असे म्हणावे का? नसेल, तर मुलींचा हिरमोड न करता त्यांना काय सांगावे?

उत्तर : हा प्रयोग जपानमधील मासारू इमोटो यांच्यामुळे जगभर पसरला. बाटलीवर चांगले शब्द लिहिले की त्या पाण्याचे बर्फस्फटिक सुंदर होतात आणि वाईट शब्द लिहिले की ते विद्रूप होतात, असे त्यांचे सांगणे होते आणि त्यासाठी ते स्फटिकांची छायाचित्रे दाखवत. त्याच जपानमध्ये, होक्काइदो विद्यापीठात, उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये सशाच्या एका केसावर जगातील पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. त्यानंतर वर्षानुवर्षे निरीक्षणे करून त्यांनी दाखवून दिले की स्फटिकाचा आकार हवेचे तापमान आणि तिच्यातील बाष्पाचे प्रमाण यांवर ठरतो. उणे १५ अंशांच्या आसपास पुरेसे बाष्प असेल तर फांद्या फुटलेली चांदणी तयार होते, उणे ५ अंशांजवळ सुया तयार होतात. एकाच पाण्याचे शंभर थेंब गोठवले तरी त्यांत देखणे आणि ओबडधोबड असे दोन्ही प्रकार आढळतात. म्हणून छायाचित्रासाठी स्फटिक कोणी निवडला आणि निवडताना त्याला बाटलीवरचा शब्द माहीत होता का, हे विचारल्यावाचून त्या छायाचित्रांवरून काहीच सिद्ध होत नाही.

भाताचेही तसेच आहे. भात काळा पडतो तो बुरशीमुळे, आणि बुरशीचे बीजाणू हवेत, हातावर, डावावर, बरणीच्या झाकणाच्या आट्यांत सगळीकडे असतात. एका बरणीत भात किंचित ओलसर राहिला, एक बरणी खिडकीच्या बाजूला होती, एकीचे झाकण दोन वेळा जास्त उघडले गेले, एवढ्या कारणानेही दोन दिवसांचा फरक पडतो. दोनच बरण्या असतील तर त्यांतील एक आधी खराब होणारच, आणि ती 'मूर्ख' चिठ्ठीची असण्याची शक्यता निम्मी आहे. ज्या शाळेत उलटे घडते तेथील बरण्या प्रदर्शनात मांडल्याच जात नाहीत.

मुलींचा हिरमोड करण्याचे काहीच कारण नाही. त्यांना हाच प्रयोग पुन्हा, पण नीट करायला सांगावा. एकाच पातेल्यातील भात उकळत्या पाण्यातून काढलेल्या वीस सारख्या बरण्यांत वजन करून भरावा. बरण्यांना फक्त क्रमांक द्यावेत. कोणत्या दहा बरण्यांना गोड शब्द मिळणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि ती यादी पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. बोलण्यासाठी एक गट असावा. बुरशी किती चढली हे ठरवणारा गट वेगळा असावा आणि त्याला बोलणे कोणाशी कसे झाले हे मुळीच माहीत नसावे. शेवटी सर्वांसमोर पाकीट उघडावे. सातवीच्या मुलींना हे सहज जमते आणि विज्ञान म्हणजे काय हे त्यांना जेवढे यातून कळेल तेवढे पाठ्यपुस्तकातील एका धड्यातून कळणार नाही.

प्रश्न (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे) : पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांशी जोडलेले असतात आणि त्यांचे समूह बनतात. मग एखाद्या पदार्थाभोवती बनलेली रचना तो पदार्थ गेल्यावरही टिकून का राहू नये?

उत्तर : रचना बनते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. प्रश्न ती किती वेळ टिकते याचा आहे. द्रवरूप पाण्यातील एक हायड्रोजन बंध साधारण एक पिकोसेकंद टिकतो, म्हणजे एका सेकंदाच्या एक लाख कोटी भागांपैकी एक. मग तो तुटतो आणि रेणू दुसऱ्या शेजाऱ्याशी जोडला जातो. फुगडीत दर गिरकीला जोडीदार बदलावा तसे हे अखंड चालू असते. टोरांटो आणि बर्लिन येथील संशोधकांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात, शुद्ध पाण्यातील बंधांची मांडणी आपली आधीची अवस्था ५० फेम्टोसेकंदांच्या आतच विसरते असे दिसून आले. एका सेकंदाचे २० लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे ५० फेम्टोसेकंद. एखादा क्षार किंवा प्रथिन पाण्यात प्रत्यक्ष हजर असेल तर त्याला लगटलेले रेणू याहून अधिक काळ जागेवर राहतात, पण तो पदार्थ गेला की त्यांना धरून ठेवणारे काहीच उरत नाही. बाटलीत महिनोन्महिने टिकणारी रचना द्रव पाण्यात आजवर कोणालाही मोजता आलेली नाही.

पाण्याला नवी, स्थिर रचना देता येते, असा दावा विज्ञानाच्या मुख्य प्रवाहातही एकदा झाला होता. १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात फेद्याकिन आणि पुढे देर्यागिन यांना क्वार्ट्झच्या केसासारख्या बारीक नळ्यांत एक घट्टसर पाणी सापडले. ते नेहमीच्या तापमानाला गोठत नव्हते आणि उकळतही नव्हते. 'पॉलिवॉटर' या नावाने त्याची जगभर चर्चा झाली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील डेनिस रूसो यांनी त्याचा अवरक्त वर्णपट आपल्याच घामाच्या वर्णपटाशी ताडून पाहिला, तर दोन्ही जवळपास सारखे निघाले. नळीच्या काचेतून आणि हाताळणीतून आलेली अशुद्धी हेच त्या पाण्याचे रहस्य होते. १९७३ मध्ये देर्यागिन यांनी स्वतः ते मान्य केले.

प्रश्न (सेवानिवृत्त बँक अधिकारी, नाशिक) : फ्रान्सच्या डॉ. बेनव्हेनिस्त यांनी जलस्मृती प्रयोगाने सिद्ध केली होती आणि 'नेचर'ने ती छापलीही होती. मग त्यांच्या प्रयोगशाळेत एका जादूगाराला पाठवून त्यांची बदनामी का करण्यात आली? ही शास्त्रज्ञांची असहिष्णुता नव्हे काय?

उत्तर : या प्रकरणाची जुनी कागदपत्रे मी सविस्तर वाचली आहेत आणि मला ते जलस्मृतीच्या वादापेक्षाही मोठे वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जाक बेनव्हेनिस्त हे कोणी भोंदू नव्हते. पॅरिसजवळील क्लामार येथे फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या एका विभागाचे ते प्रमुख होते आणि रक्तबिंबिकांना उद्दीपित करणाऱ्या एका महत्त्वाच्या घटकाच्या शोधामुळे त्यांचे नाव झालेले होते. त्यांचा प्रयोग बेसोफिल या श्वेतपेशींवर होता. या पेशींच्या आत कण असतात आणि टोल्युइडिन ब्ल्यू हा रंग घातला की कणांमुळे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसते. एका विशिष्ट प्रतिपिंडाचा स्पर्श झाला की पेशी ते कण बाहेर टाकते आणि मग रंग धरत नाही. म्हणजे रंगलेल्या पेशींची संख्या घटली की प्रतिपिंडाने काम केले असे समजायचे. बेनव्हेनिस्त यांच्या गटाने हे प्रतिपिंडाचे द्रावण पुन्हा पुन्हा विरल केले, प्रत्येक पायरीला जोराने हलवले आणि विरलीकरण दहाच्या १२० व्या घातापर्यंत नेले. तेथे मूळ प्रतिपिंडाचा एकही रेणू शिल्लक असणे शक्य नाही, तरीही रंगलेल्या पेशी घटताना दिसल्या.

'नेचर'चे संपादक जॉन मॅडॉक्स यांना हे पटत नव्हते, पण न पटणे हे निबंध नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही असे त्यांनी मानले. इतर प्रयोगशाळांतून दुजोरा मागवून, आणि प्रसिद्धीनंतर प्रयोगशाळेची पाहणी करू देण्याची अट घालून, त्यांनी ३० जून १९८८ च्या अंकात तो निबंध छापला. असहिष्णुता म्हणावी असे यात मला काही दिसत नाही. जुलैमध्ये मॅडॉक्स, वैज्ञानिक गैरप्रकारांचा छडा लावणारे वॉल्टर स्टुअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी असे तिघे क्लामारला गेले. तिघांपैकी कोणीही या पेशींवर काम करणारा तज्ज्ञ नव्हता आणि जादूगाराच्या उपस्थितीने यजमानांवर फसवणुकीचा संशय आपोआप येत होता. ही निवड चुकीची होती असे माझे मत आहे आणि बेनव्हेनिस्त यांचा संताप मी समजू शकतो.

पण त्या आठवड्यात घडले काय, ते पाहावे. कोणत्या नळीत प्रतिपिंडाचे विरल द्रावण आहे आणि कोणत्या नळीत नुसते पाणी, हे मोजणाऱ्याला माहीत असताना परिणाम दिसला. मग नळ्यांना सांकेतिक क्रमांक देण्यात आले. क्रमांकांची किल्ली अॅल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळून पाकिटात बंद केली आणि ते पाकीट सर्वांच्या डोळ्यांसमोर छताला चिकटवून टाकले. पूर्ण गुप्तता पाळून केलेल्या तीन प्रयोगांत पेशींची मोजणी झाली, पाकीट खाली उतरवून उघडले, आणि प्रतिपिंडाच्या नळ्या व पाण्याच्या नळ्या यांत काही फरक नव्हता.

वह्या तपासताना पथकाला आणखी एक गोष्ट आढळली आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. एकाच नमुन्यातील पेशी दोनदा मोजल्या तर दोन आकड्यांत थोडा फरक पडणे स्वाभाविक आहे. सरासरी ८० पेशी दिसत असतील तर दर मोजणीत सुमारे नऊंचे कमीअधिक होणे अपेक्षित असते, कारण कोणता थेंब काचेवर येतो हा योगायोग असतो. या वह्यांतील जोड्यांचे आकडे मात्र एकमेकांच्या अपेक्षेबाहेर जवळ होते. यात लबाडी आहे असे म्हणण्याची गरज नाही. आधीचा आकडा मनात असताना अर्धवट रंगलेली पेशी धरायची की सोडायची, हे डोळा नकळत त्या आकड्याच्या बाजूने ठरवतो. प्रामाणिक, कष्टाळू, दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून बसलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडते, आणि म्हणूनच ते पाकीट लागते. पाकीट जादूगाराने चिकटवले की जीवशास्त्रज्ञाने, याने आतल्या उत्तरात बदल होत नाही.

पुढेही दार बंद झाले नाही. १९९३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटाने तोच प्रयोग काळजीपूर्वक केला आणि त्यांना परिणाम सापडला नाही. पाण्यातील 'संकेत' संगणकात नोंदवून दुसऱ्या पाण्याला देता येतो, हा बेनव्हेनिस्त यांचा नंतरचा दावाही अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या निधीतून तपासला गेला आणि २००६ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. परिणाम एका विशिष्ट प्रयोगकर्त्याच्या हातूनच दिसत होता. इतरांना तो मिळाला नाही. बेनव्हेनिस्त २००४ मध्ये वारले. शेवटपर्यंत ते आपल्या मतावर ठाम होते.

प्रश्न (होमिओपॅथीचे पदवीधर, मुंबई) : आयआयटी मुंबईच्या संशोधकांना अतिविरल होमिओपॅथिक औषधांत मूळ धातूचे कण सापडले आहेत. यावरून जलस्मृती सिद्ध होत नाही का?

उत्तर : उलट, ते संशोधन जलस्मृतीच्या विरुद्ध जाते. २०१० मध्ये तेथील रसायन अभियांत्रिकी विभागाच्या गटाने सोने, तांबे, कथील, जस्त, चांदी आणि प्लॅटिनम यांपासून केलेली, बाजारात मिळणारी औषधे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. ३० आणि २०० पोटेन्सीतही, म्हणजे विरलीकरणाच्या ३० आणि २०० पायऱ्यांनंतरही, त्यांना धातूचे अतिसूक्ष्म कण आढळले. हलवताना उठणाऱ्या बुडबुड्यांना चिकटून कण वर येतात आणि वरचा थर पुढच्या पायरीत जातो, म्हणून ते अपेक्षेप्रमाणे विरल होत नाहीत, असे त्यांनी सुचवले. पदार्थच शिल्लक असेल तर पाण्याने त्याची आठवण ठेवण्याची गरजच राहत नाही.

त्यातून एक अडचण निर्माण होते. ३० आणि २०० पोटेन्सीतील धातूचे प्रमाण एकमेकांच्या जवळपास निघाले. मग या दोन पोटेन्सी वेगळ्या कशामुळे, याचे उत्तर कणांकडून मिळत नाही. शिवाय पूर्ण विरघळणाऱ्या मिठासारख्या पदार्थांना बुडबुड्यांचे हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. आणि औषधाचा थेंब साखरेच्या गोळ्यांवर टाकून वाळवला जातो. तेव्हा पाणी उडून गेल्यावर ती स्मृती साखरेत कशी उतरते, हेही जलस्मृतीच्या समर्थकांनी सांगायला हवे. औषधाने रोगी बरा होतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा निकाल रोग्यांवरील चाचण्यांनीच लागतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये अशा चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा कोणत्याही आजारात होमिओपॅथीच्या परिणामकारकतेचा भरवशाचा पुरावा तिला आढळला नाही.

प्रश्न (गृहिणी, अमरावती) : तांब्याच्या हंड्यातील पाणी चांगले असते आणि गंगाजल खराब होत नाही, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तोही खोटा का?

उत्तर : अनुभव खरा आहे, त्याला स्मृतीची जरुरी नाही. तांब्याच्या भांड्यातून धातूचे अत्यल्प आयन पाण्यात उतरतात आणि ते जंतूंना मारक ठरतात. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अतिसाराचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले, तेव्हा ते जंतू पुन्हा वाढवता आले नाहीत, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या बरेच आत होते. हंडा मात्र चिंचेने घासलेला, स्वच्छ हवा आणि त्यात ताक किंवा सरबत ठेवू नये, कारण आंबट पदार्थात तांबे फार उतरते.

गंगेबाबत अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये आग्र्याहून लिहिले की गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळले तर हा गुण नाहीसा होतो. पुढे जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचा शोध लागला आणि हँकिन यांचे निरीक्षण त्याची पहिली चाहूल मानले जाते. म्हणून देवघरातील गडू पूजेत जरूर असावा, पण आज नदीत मिसळणारे सांडपाणी लक्षात घेता ते पाणी उकळल्याशिवाय लहान मुलांना देऊ नये.

प्रश्न (शेतकरी, नेवासे तालुका) : आमचे शेत मुळा धरणाच्या कालव्याखाली येते. माझ्या विहिरीला येणारे पाणी पावसाचे मुरलेले आहे की पाटाचे पाझरलेले, यावरून भावकीत वाद आहे. पाणी जर काहीच लक्षात ठेवत नसेल, तर ते कोठून आले हे कधीच कळणार नाही का?

उत्तर : कळू शकते, आणि या साऱ्या विषयात मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. पाण्याच्या रेणूंची मांडणी क्षणार्धात बदलते, पण रेणू ज्या अणूंचे बनले आहेत ते बदलत नाहीत. ऑक्सिजनच्या साधारण ५०० अणूंमागे एक अणू थोडा जड, म्हणजे ऑक्सिजन-१८ असतो. हायड्रोजनमध्येही ड्युटेरियम हा जड अणू अत्यल्प प्रमाणात असतो. जड रेणूचे बाष्प थोडे अनिच्छेने होते आणि ढगातून तो आधी खाली उतरतो. त्यामुळे पाणी कोठून उडाले, किती थंड हवेत ढग बनला, वाटेत किती पाऊस पडून गेला, यांचा परिणाम जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणात कायम राहतो.

विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५२ च्या जूनमध्ये कोपनहेगनला आपल्या अंगणात बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळे ठेवून पावसाचे नमुने गोळा केले आणि पावसागणिक हे प्रमाण बदलते असे त्याला दिसले. तेथून तो ग्रीनलंडच्या हिमथरांपर्यंत गेला. बर्फात रेणू जागच्या जागी अडकलेले असतात, म्हणून एकेका वर्षाचा थर वेगळा वाचता येतो. अंटार्क्टिकाच्या डोम सी येथून काढलेल्या बर्फातून ८ लाख वर्षांचे तापमान उलगडले आहे. आपल्याकडे मेघालयातील मॉमलूह गुहेत ठिबकणाऱ्या पाण्याने बनलेल्या चुनखडीच्या खांबात जुन्या मोसमी पावसाची अशीच नोंद मिळाली. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस क्षीण झाल्याची खूण तेथे आहे आणि त्यावरूनच २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातील चालू कालखंडाला 'मेघालयन' हे नाव मिळाले.

आता आपल्या विहिरीविषयी. धरणात आणि पाटात उघड्यावर राहिलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते आणि मागे जड रेणूंचे प्रमाण वाढते. पावसाच्या पाण्यात ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम यांचे एकमेकांशी ठरावीक नाते असते. हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये ते एका सरळ रेषेत मांडले. उन्हात तापलेले धरणाचे पाणी त्या रेषेपासून बाजूला सरकते. म्हणून स्थानिक पाऊस, पाट आणि विहीर अशा तिन्हींचे नमुने ताडून पाहिले तर विहिरीत कोणाचा वाटा किती, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी उत्तराखंडातील गौचर परिसरात याच पद्धतीने आटत चाललेल्या झऱ्यांना कोणत्या उंचीवरचा पाऊस पोसतो हे शोधले, त्या जागी पाणी मुरवण्याची कामे झाली आणि झऱ्यांचा प्रवाह वाढला.

इतक्या खर्चाच्या तपासणीआधी एक सोपी गोष्ट करावी. पाटाच्या आवर्तनाच्या तारखा आणि विहिरीची पातळी यांची वर्षभर वहीत नोंद ठेवावी. पाऊस नसताना प्रत्येक आवर्तनानंतर ठरावीक दिवसांनी पातळी चढत असेल तर निम्मा वाद तेथेच मिटेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला ही वही दाखवून पुढचा सल्ला घ्यावा. समस्थानिकांच्या, म्हणजे या जड-हलक्या अणूंच्या, तपासणीसाठी नमुना द्यायचाच ठरला तर तो उपसा काही वेळ चालू ठेवल्यानंतर घ्यावा, बाटली काठोकाठ भरावी, झाकणाखाली हवेचा बुडबुडा राहू देऊ नये आणि बाटली सावलीत ठेवावी. कारण बाटलीतल्या बाटलीत थोडे जरी बाष्पीभवन झाले तरी विहिरीचे पावसाचे पाणी प्रयोगशाळेत पाटाचे ठरू शकते.